चिरंजीवांना एकटं राहता यावं म्हणून

४ मार्च, सोमवार

माझ्या संस्कृत कोशातला 'न' आज दुपारी समूळ नष्ट झाला. 'नकुल'पासून 'न्यून'पर्यंत एकही शब्द शिल्लक नाही. कोशात आता 'न्यून' नाही, हेच त्यातलं मोठं न्यून. कॉलेजात पाठांतराच्या स्पर्धेत मिळालेला हा ग्रंथ. घरं बदलताना टिकला, वाळवीतून वाचला, एकदा छत गळलं तेव्हा मी भिजलो पण त्याला भिजू दिलं नाही. आणि आज वर्तमानपत्राच्या कार्यालयात बातमी देऊन घरी येतो तो काय, बाहेरच्या खोलीभर नकारांचा चुरा, आणि मधोमध पोट वर करून झोपलेला भक्षक. आता याला कशाला 'नाही' म्हणायचं तर माझ्याकडे शास्त्राधार उरलेला नाही.

भक्षक म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, वय चार महिने. रंग करपलेल्या पावाचा. एक कान उभा, एक आडवा. दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. भाजीच्या दुकानामागे खोक्यात रडत होता, तो हिने उचलून आणला आणि नाव ठेवलं टिंगू. 'टिंगू'ला ना धातू, ना प्रत्यय. म्हणून मी त्याला चिरंजीव म्हणतो. ही म्हणजे माझी बायको. दैनंदिनीत हा खुलासा कुणासाठी, ते माहीत नाही. बातमीत प्रत्येक माणसाची ओळख द्यायची सवय आहे, एवढंच.

ही सध्या घरी नाही. पायाच्या करंगळीची जखम हिने महिनाभर माझ्यापासून मोज्यात लपवली आणि शुक्रवारी रुग्णालयात भरती व्हावं लागलं. करंगळी काढावी लागेल म्हणतात. पण रक्तातली साखर उतरेना, म्हणून सर्जनची सुरी चालेना. जाताना हिने माझ्याकडून एकच वचन घेतलं.

"मी येईपर्यंत ह्याला नीट सांभाळा. बाकी काही मागत नाही. आणि दिवसभर एकदम कोंडून जाऊ नका हं. हळूहळू सवय लावा. एकटं राहणं एकदम नाही जमत कुणाला."

मी "बरं" म्हणालो आणि आज दिवसभर त्याला एकदम कोंडून गेलो.

५ मार्च, मंगळवार

वरच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहतात. दिवसभर त्यांचं मशीन खडखडत असतं, त्याबद्दल मी आजवर ब्र काढलेला नाही. आज जिन्यात त्यांनी मला गाठलं. गळ्यात मापाची टेप, तोंडात दोन टाचण्या.

"अहो बातमीदार, तुमच्या घरात काल कोण वारलं?"

"कुणी नाही. का?"

"मग तो गळा कुणासाठी काढत होता? माझी एक गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आली होती, ती म्हणाली, आधी खाली जाऊन धीर देऊन येऊ."

मी क्षमा मागितली. त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या, म्हणजे विषय गंभीर होता. "ओरडतो त्याचं काही नाही हो. पण लेकराला करमत नाही. ती असताना असा नव्हता." मग म्हणाल्या, "तिने मला तुमच्या घराची किल्ली देऊन ठेवलीय, माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, चष्मा डोक्यावर, बोलणं कात्रीसारखं. कोशाची कहाणी सांगितली तर त्या हसल्या नाहीत. "दात येतायत त्याचे. काहीतरी चावणारच. तुम्ही चावायला काय दिलं?"

"मी दिलं नाही. त्याने घेतलं."

"तेच म्हणतेय." मग कपाटातून एक लाल रबरी वस्तू काढली. तीन गोळे एकावर एक चिकटवल्यासारखी, आतून पोकळ. "ह्यात खाणं भरायचं. मऊ भात, उकडलेलं गाजर, भोपळा, काहीही साधं. तो चाटून, चावून, उलटंपालटं करून काढत बसतो. डोकं गुंततं, दात शिवशिवायचे थांबतात, दमतो आणि झोपतो. आधी सैल भरा, लगेच निघेल असं. पहिल्याच दिवशी अवघड केलंत तर तो नाद सोडेल आणि तुमचं पुस्तक धरेल. मग हळूहळू घट्ट. मग फ्रीजरमध्ये गोठवून. आणि तुम्ही समोर असताना आधी बघा, तुकडे तोडतो का. तोडत नाही असं दिसलं, की मगच एकटा सोडा. तेही आधी थोडा वेळ."

मी सगळं टिपून घेतलं. माझ्या पेशात एवढी सुसंगत पत्रकार परिषद क्वचित मिळते.

७ मार्च, गुरुवार

पहिला प्रयोग. मी भात आणि गाजर कालवून सैल भरलं. चिरंजीवांनी ती वस्तू हुंगली, पंजाने ढकलली, ती वाकडीतिकडी उड्या मारत सोफ्याखाली गेली, हे तिच्यामागे. मग पुढच्या पायांत धरून असं चाटायला बसले की माझी पहिली बातमी छापून आली तेव्हा मीही इतक्या एकाग्रतेने ती वाचली नसेन. बाहेर दाराशी जाऊन उभा राहिलो. आत चाटण्याचा आवाज. रडणं नाही.

दरवाजाबाहेर उभा राहून मला इतका आनंद का झाला, हे कळलं नाही. वरून आवाज आला, "स्वतःच्याच घराबाहेर का उभे आहात? हाकललं की काय त्याने?"

"त्याला सवय लावतोय," मी म्हणालो.

संध्याकाळी रुग्णालयात हिला सविस्तर अहवाल दिला. ही उशीला टेकून ऐकत होती. मधे एकदा हिने डोळे मिटले, मला वाटलं झोपली, पण म्हणाली, "मग? सोफ्याखालून काढली कशी?" साखर अजून उतरत नाही.

१० मार्च, रविवार

आता घट्ट भरतो. वरचं तोंड गाजराच्या तुकड्याने बंद करतो. चिरंजीव अर्धी दुपार एकटे राहतात. मी कार्यालयातून परत येतो तेव्हा ते झोपलेले असतात आणि ती वस्तू आतून चाटून अशी लखलखीत, की माझ्या ताटानेही शरमावं. धुवायला बाटलीचा ब्रश लागतो. तो हिने कुठे ठेवलाय, ते फोन करून विचारावं लागलं.

त्यावरून हिला बहुधा वाटलं की मला घरातलं काहीच माहीत नाही, जे खरंच आहे. आज भेटायला गेलो तर हिने शाळा मांडली. गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा. गरम कपडे कोणत्या ट्रंकेत आणि त्यात कडुनिंबाची पानं कधी बदलायची. विजेचं बिल कुठल्या खणात. भात करताना पाणी किती, "बोटाच्या पेराने मोजायचं, हे बघा, इथपर्यंत." माझं बोट धरून दाखवलं. हिच्या भावाचा नवीन पत्ता.

"अगं, तुझ्या भावाचा पत्ता मला कशाला?"

"असू द्या."

अंथरुणावर पडून पडून माणसाला कंटाळा येतो, मग तो जुनी कपाटं मनातल्या मनात आवरायला लागतो. मी निमूट ऐकून घेतलं. नर्स येऊन म्हणाली, "काकू, बोलू नका जास्त." तर ही म्हणते, "बोलत नाहीये गं, शिकवतेय."

निघताना पुन्हा तेच. "टिंगू राहतो ना आता एकटा?"

"मजेत."

"तुम्ही?"

मी म्हणालो, मला काय धाड भरलीय. हसली.

११ मार्च, सोमवार

उद्या नगरपालिकेची मोठी बैठक आहे, पाणीपट्टीवरून भांडाभांडी होणार आणि ती संपेपर्यंत मला हलता येणार नाही. म्हणून चिरंजीवांसाठी जास्त वेळ पुरेल असं काहीतरी हवं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शेंगदाण्याचं लोणी कुत्र्यांना फार आवडतं, चिकटतं आणि गोठवलं की तासन्‌तास पुरतं. हिच्या कपाटात एक डबा निघाला. साखर वर्ज्य झाल्यापासून ही सगळं बिनसाखरेचंच आणते, तेव्हा हाही बिनसाखरेचा. म्हणजे कुत्र्यालाही उत्तम, साखर कुणालाच चांगली नाही.

छापील मजकूर दिसला की मी वाचल्याशिवाय राहत नाही, तेव्हा घटकपदार्थही वाचले. गोडीसाठी झायलिटॉल. बऱ्याच दिवसांनी मेंदूला खाद्य मिळालं. ग्रीकमध्ये 'झायलॉन' म्हणजे लाकूड. लाकडाची पट्टी वाजवतात त्या झायलोफोनमधलं तेच. म्हणजे लाकडापासून काढलेली साखर. याला सुंदर प्रतिशब्द होईल: काष्ठशर्करा. षष्ठी तत्पुरुष. कोशात 'क' आणि 'श' दोन्ही शाबूत आहेत, पण हा शब्द तिथे नाही; तेव्हा निर्माता मीच. संध्याकाळी हिला फोनवर सांगितला. म्हणाली, "छान आहे. जेवलात का?"

वस्तू ठासून भरली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. लोणी उत्तम चिकट आहे. मी स्वतः एक चमचा खाल्ला.

१२ मार्च, मंगळवार

बैठक ऐन भांडणात असताना खिशात फोन थरथरला. वरच्या बाई. मी कापला. पुन्हा आला. मी बाहेर व्हरांड्यात आलो.

"बातमीदार, आज तुमच्या घरातून आवाज नाही."

"मग चांगलंच आहे की."

"कसलं चांगलं. दुपारी एकदा तरी खुडबुड करतो. मी किल्ली लावून आत आले. तो उठतोय आणि पडतोय. उलटी केलीय. पाय असे फाकतायत, दारू प्यायल्यासारखे. तुम्ही या. नाही, तुम्ही येऊ नका, तिकडेच या, मी रिक्षा धरतेय."

तिकडेच म्हणजे डॉक्टरीणबाईंकडे. मी पोचलो तेव्हा बाईंनी त्याला अर्धवट शिवलेल्या झग्यात गुंडाळून आणला होता. आडवा कान आणि उभा कान, दोन्ही आडवे. दात आवळून तो थडथडत होता.

"काय खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेंगदाण्याचं लोणी. तुम्हीच म्हणाला होतात."

"साधं? की बिनसाखरेचं?"

"बिनसाखरेचं."

त्यांचा हात थांबला. "त्यात काय होतं गोडीला?"

मला शब्द आठवेना. खरंच आठवेना. माझ्या तोंडून निघालं, "काष्ठशर्करा."

"काय?"

"लाकडाची... झायलिटॉल."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, हाताखालच्या मुलीशी बोलल्या, भरभर. पुढच्या पायाचे केस भादरले, सुई लावली, सलाईनमधून साखर सोडली. मग थोडं स्थिर झाल्यावर मला सांगितलं, अगदी सावकाश, मी मतिमंद असल्यासारखं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीराला मात्र वाटतं, खरी साखर आली, आणि ते तिच्यावर तुटून पडतं. रक्तात असलेली सगळी साखर उतरवून टाकतं. आणि नंतर यकृतावर घाला येऊ शकतो. "तो येतो की नाही, ते दोन-तीन दिवसांत कळेल. तोपर्यंत काही सांगता येत नाही."

"मी डबा वाचला होता," मी म्हणालो. "अक्षरन् अक्षर."

"मला म्हणायचं होतं साधं. ते मीही सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना असं म्हणायची काही गरज नव्हती, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं.

आता मजा अशी की घरात एकीची साखर उतरत नाही म्हणून सगळे डोक्याला हात लावून बसलेत, आणि दुसऱ्याची चढत नाही म्हणून. आणि मी या दोन साखरांच्या मधे, हातात रिकामी पिशवी घेऊन.

१३ मार्च, बुधवार

दवाखान्यात काचेचं दार आहे. पलीकडे चिरंजीव पिंजऱ्यात पडून. मला आत येऊ देत नाहीत, कारण मी दिसलो की तो उठायला बघतो आणि सुई निसटते. म्हणजे त्याच्यासाठी मी एवढंच करू शकतो की त्याला दिसायचं नाही. मी खांबाआड उभा राहिलो. एका बाईंनी त्यांच्या मांजरीसह मला बघून जागा बदलली.

यकृताचे आकडे वाढलेत. किती वाढले म्हणजे वाईट, हे विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाट बघू." हिचे सर्जनही हेच म्हणतात. दोघं एकाच शाळेत शिकले असावेत.

संध्याकाळी हिच्याकडे. "टिंगू?"

"मजेत आहे. आज तर त्याने ती वस्तू पलंगाखाली ढकलली आणि शेपूट धरून मला ओढत नेलं."

"कुणाचं शेपूट?"

"आपलं म्हणजे, बाही."

"फोनवर ऐकवा ना त्याचा आवाज उद्या."

"झोपलेला असतो गं त्या वेळी."

ही उशीखालून हात काढून पांघरुणाची कड सरळ करत बसली. संपूर्ण आयुष्यात मी छापलेल्या सगळ्या बातम्यांत जितकं खोटं नसेल तितकं आज एका खुर्चीवर बसून सांगितलं.

१४ मार्च, गुरुवार

आकडे आणखी वर. आज त्याने डोळे उघडले पण माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे खांबाआडून तसं वाटलं. कार्यालयातून संपादकांचा फोन: पाणीपट्टीची बातमी कुठाय? मी म्हणालो, देतो. बसलो लिहायला. 'सभागृहात गदारोळ' एवढं शीर्षक लिहिलं आणि पुढे काही सुचेना. सभागृहात काय झालं हे मला माहीत नाही, मी व्हरांड्यात होतो. तसं सांगितलं. संपादक खवचट माणूस आहेत, पण या वेळी म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना? सुट्टी घ्या." मी म्हणालो, सुट्टी घेऊन करू काय?

'चिरंजीव' हा शब्द लिहायला आज हात धजत नाही. वर बघतो तर मी 'त्याने' लिहिलं आहे.

१५ मार्च, शुक्रवार

आकडे स्थिर. म्हणजे खाली नाहीत, पण वरही नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा बघितला कागद. दुपारी त्याने हातावरचा भात चाटला.

हिची साखर उतरायला लागली आहे. सर्जन सोमवार म्हणतात.

१६ मार्च, शनिवार

चिरंजीव घरी आले. आता लिहितो. वरच्या बाई जिन्यात वाट बघत होत्या. त्याला उचलून घेतलं, आणि "मेल्या, माझ्या गिऱ्हाइकाचा झगा खराब केलास रे," असं म्हणत त्याच्या डोक्यावर गाल घासला. मग मला म्हणाल्या, "डबा टाकलात ना?"

"टाकला."

"दाखवा."

कचऱ्याची बादली दाखवली, तेव्हा कुठे त्या वर गेल्या. त्याच्या यकृताला काही कायमचं झालेलं नाही असं दिसतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचं आहे. मी रबरी वस्तू गरम पाण्याने पुनःपुन्हा धुतली आणि साधा भात भरला. ती त्याच्यापुढे ठेवून मी तिथेच जमिनीवर बसलो. त्याने हुंगली. खाल्लं थोडं. मग उठला आणि ती तोंडात धरून माझ्या मांडीशी येऊन पडला. एकटं राहण्याची सगळी शिकवणी पाण्यात.

१७ मार्च, रविवार

आज भेटीची वेळ मोठी होती. हिच्यासाठी भात करून नेला, बोटाच्या पेराने पाणी मोजून. थोडा गच्च झाला. हिने दोन घास खाल्ले.

"चांगला झालाय."

"खोटं बोलू नकोस."

"बरं. टिंगूची साखर आता किती आहे?"

माझ्या हातातला चमचा डब्यात पडला. "कुणी सांगितलं?"

"शिवणवालीने. त्याच दिवशी फोन आला तिचा, रिक्षातून."

"मग बोलली नाहीस ते?"

"तुम्ही रोज इथे बसून तो किती मजेत आहे ते सांगत होतात. इतकं छान सांगत होतात की ऐकत राहावंसं वाटलं. बातमी खोटी होती, पण भाषा चांगली होती."

मी हसलो. हिनेही हसून घेतलं. मग माझ्या शर्टाच्या बाहीवर कुत्र्याचे केस होते, ते एकेक काढत म्हणाली, "माझंही एक सांगायचं राहिलंय. भूल देतात ते डॉक्टर आले होते. करंगळीवर भागणार नाही म्हणतात, पाऊल काढावं लागेल. ते एक वेळ चालेल हो, मला कुठे पळायला जायचंय. पण हृदय कच्चं आहे म्हणाले. भूल सोसेल की नाही, ते नक्की सांगता येत नाही."

"कधी म्हणाले?"

"मी इथे आले त्या पहिल्या आठवड्यातच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर गॅस बंद करायला कसे शिकला असता?"

 माझ्या भाषेचं हिने एवढं कौतुक केलं आणि मला एक वाक्य जुळवता आलं नाही. नर्स येऊन वेळ संपली म्हणाली. ही म्हणाली, "जा. तो वाट बघत असेल." मी दारापर्यंत गेलो, परत आलो, पांघरूण उगाच नीट केलं. ते नीटच होतं.

ऑपरेशन उद्या सकाळी.

संध्याकाळ सरायच्या आत घरी आलो. चिरंजीव ठीक आहेत. खातात, झोपतात, एका कानाने उभं राहायला सुरुवात केली आहे. दोन आठवडे मी या वहीत त्यांच्याबद्दल पानांमागून पानं भरली: काय भरायचं, किती घट्ट भरायचं, किती वेळ बाहेर थांबायचं. ते सगळं खरं होतं. पण मला खरी काळजी कशाची आहे ते मी कुठेच लिहिलेलं नाही. ही उद्या भुलीतून जागी झाली नाही, तर काय, याची मला भीती वाटते. फार भीती वाटते. आणि त्यासाठी मला काहीही करता येण्यासारखं नाही.